एका गादीचे तीन वारसदार

१४१० साली युरोपात एकाच वेळी तीन जण स्वतःला खरा पोप म्हणवत होते. या भांडणात श्रद्धेचा प्रश्न जवळपास नव्हताच. होता तो निवडणुकीचा वाद, आणि तो सोडवायला वरचं न्यायालय नव्हतं.

मूळ १३०३ मधलं. पाद्र्यांवर कर लावण्यावरून फ्रान्सचा राजा चौथा फिलिप आणि पोप आठवा बोनिफेस यांच्यात जुंपली होती. राजाच्या माणसांनी इटलीतल्या अनान्यीत पोपला त्याच्याच वाड्यात धरलं. सुटका झाली, पण महिनाभरात तो गेला. १३०९ पासून पोपचा मुक्काम आव्हिन्यों इथे पडला. रोन नदी ओलांडली की फ्रान्स. तिथले सातही पोप फ्रेंच.

अकरावा ग्रेगरी १३७७ मध्ये रोमला परतला आणि पुढच्याच वर्षी वारला. निवडणुकीला सोळा कार्डिनल, म्हणजे पोप निवडणारे वरिष्ठ धर्माधिकारी, बसले; त्यांत चारच इटालियन. बाहेर जमाव ओरडत होता, पोप रोमचा हवा, निदान इटालियन तरी! कार्डिनलांनी बारीचा आर्चबिशप बार्तोलोमेओ प्रिन्यानो याला निवडलं. पण तो जाहीर होण्याआधीच लोक आत घुसले. घाबरलेल्या कार्डिनलांनी तेबाल्देस्की या म्हाताऱ्या रोमन सहकाऱ्याला पोपची वस्त्रं चढवून पुढे बसवलं. तो बिचारा ‘मी पोप नाही’ म्हणत राहिला.

प्रिन्यानो सहावा अर्बन झाला आणि कार्डिनलांनाच फैलावर घेऊ लागला. काही महिन्यांत ते म्हणू लागले, आम्ही भीतीपोटी मत दिलं, निवड रद्द! सप्टेंबरमध्ये इटलीतल्याच फोंदी इथे त्यांनी सातवा क्लेमेंट निवडला. मला सगळ्यात गंभीर वाटतं ते हेच: दोन्ही पोप निवडणारे हात तेच होते. सामान्य भाविकाने खरा कोण मानायचा?

राजांनी आपापली सोय पाहिली. फ्रान्स क्लेमेंटकडे म्हणून इंग्लंड अर्बनकडे, आणि इंग्लंड तिकडे म्हणून स्कॉटलंड इकडे. अर्बन आणि क्लेमेंट वारले तरी दोन्ही गाद्या चालूच राहिल्या. १४०९ मध्ये पिसाच्या धर्मपरिषदेने तेव्हाचे दोघे, रोमचा बारावा ग्रेगरी आणि आव्हिन्योंचा तेरावा बेनेडिक्ट, यांना काढून तिसरा नेमला. आधीचे दोघे हटलेच नाहीत.

शेवटी सम्राटपदावर डोळा असलेल्या जर्मन राजा सिगिस्मुंडने १४१४ मध्ये जर्मनीतल्या कॉन्स्टन्सला परिषद भरवायला लावली. याच परिषदेने त्याच्या अभयपत्रावर आलेल्या यान हुस या चेक धर्मसुधारकाला १४१५ मध्ये जाळलं. हा डाग पुसता येत नाही. ११ नोव्हेंबर १४१७ रोजी तिथल्या व्यापारी कोठारात पाचवा मार्टिन निवडला गेला. तेरावा बेनेडिक्ट मात्र स्पेनच्या किनाऱ्यावरच्या पेन्यिस्कोला किल्ल्यात मरेपर्यंत पोपच राहिला, स्वतःपुरता.