आरशाचा फुगवटा आणि आरशाची जागा

गोव्यात गाडीमागे कॅराव्हॅन किंवा रुंद ट्रेलर जोडून हिंडणारे लोक मोजकेच आहेत. पण त्या मोजक्यांपैकीही अनेकांच्या साइड मिररच्या कोपऱ्यात दोन इंची, गोल, फुगीर आरसा चिकटवलेला दिसतो, आणि लांब दांड्याचे आरसे का बसवले नाहीत असे विचारले की उत्तर ठरलेले असते : या गोल आरशात जास्त दिसते, मग दांडा कशाला? ॲक्सेसरीजच्या दुकानातही हेच ऐकायला मिळते, आणि तेही इतक्या खात्रीने की नवख्याने विश्वास ठेवावा. वास्तविक फुगीर आरसा आणि लांबवलेला आरसा ही दोन निरनिराळ्या अडचणींवरची उत्तरे आहेत, आणि कॅराव्हॅन ओढणाऱ्याची मुख्य अडचण पहिल्या उत्तराने तसूभरही सुटत नाही.

येथे विचार केवळ गाडीने ओढायच्या, स्वतःचे इंजिन नसलेल्या कॅराव्हॅनचा आहे. ज्या मोठ्या गाडीतच राहण्याची सोय केलेली असते, तिचे आरसे तिच्या रुंदीच्या हिशेबानेच बसवलेले असतात. तो प्रश्नच वेगळा.

फुगीर, म्हणजे बहिर्गोल आरसा सर्वांच्या परिचयाचा आहे. त्यातील प्रतिमा सुलटी, आभासी आणि मूळ वस्तूपेक्षा लहान असते, त्यामुळे तेवढ्याच काचेत जास्त परिसर मावतो. वाहने दिसतात त्यापेक्षा जवळ आहेत, असा इशारा अनेक गाड्यांच्या डाव्या आरशावर कोरलेला असतो तो याचमुळे. पर्वरीच्या कोंडीत मागच्या दारालगत येऊन थांबलेली भाड्याची स्कूटर दाखवण्यास तो उत्तम आहे, आणि ट्रेलर नसताना त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही.

तक्रार सुरू होते ती ट्रेलर जोडल्यावर. आपल्याकडे ओढण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या फॉर्च्युनरची रुंदी १,८५५ मिलिमीटर आहे, इनोव्हा क्रिस्टाची १,८३० मिलिमीटर. कॅराव्हॅन मात्र सव्वादोन-अडीच मीटरांपर्यंत रुंद असू शकते. समजा, ती २.३ मीटर रुंद आहे आणि गाडीच्या मूळ आरशाच्या काचेची बाहेरची कड कॅराव्हॅनच्या बाजूच्या भिंतीच्या रेषेपेक्षा १५ सेंटीमीटर आत राहते. कॅराव्हॅनचा पुढचा कोपरा आरशापासून साधारण ४.५ मीटर मागे असतो, कारण मध्ये गाडीचा उरलेला भाग आणि ट्रेलरचा पुढचा त्रिकोणी सांगाडा येतो. आता मागून येणारा प्रकाशकिरण आरशापर्यंत पोहोचायचा असेल, तर तो या कोपऱ्याच्या बाहेरून यायला हवा. आणि आरसा त्या भिंतीच्या रेषेच्या आत असल्यामुळे कोपऱ्याला स्पर्श करून येणारी रेषा मागे जाताना भिंतीपासून तिरपी, बाहेर बाहेर सरकत जाते. कोपऱ्यामागे प्रत्येक ४.५ मीटरला ती आणखी १५ सेंटीमीटर दूर जाते. कोपऱ्यापासून ९ मीटर मागे हे अंतर ३० सेंटीमीटर होते, १८ मीटरवर ६० सेंटीमीटर आणि २७ मीटरवर ९० सेंटीमीटर. स्कूटरची रुंदी साधारण ७० सेंटीमीटर असते. याचा अर्थ असा की, कॅराव्हॅनच्या भिंतीची रेषा धरून २७ मीटर मागून येणारी अख्खी स्कूटर, चालकासकट, त्या आरशाच्या हिशेबी अस्तित्वातच नसते. आणि ती पुढे येऊन पुरती दिसू लागते तेव्हा कॅराव्हॅनच्या अगदी जवळ पोहोचलेली असते.

या हिशेबात काचेच्या फुगवट्याचा कोठेही संबंध आला नाही, हे ध्यानात घ्यावे. जो किरण आरशापर्यंत पोहोचतच नाही, तो सपाट काचेतून परावर्तित होत नाही आणि बहिर्गोल काचेतूनही होत नाही. भिंतीआड उभ्या असलेल्या माणसाने कितीही चांगला चष्मा लावला तरी त्याला भिंतीपलीकडचे दिसणार नाही. त्याला दोन पावले बाजूला सरकावे लागेल. लांब दांडा आरशासाठी नेमके तेच करतो. काच भिंतीच्या रेषेबाहेर १० सेंटीमीटर जरी गेली, तरी अडवणारा कोपरा बदलतो : पुढच्याऐवजी मागचा कोपरा सीमा ठरवतो आणि दृष्टीची रेषा बाहेर सरकण्याऐवजी कॅराव्हॅनच्या मागे किंचित आत वळते. भिंतीलगतची ती आंधळी पट्टी पूर्णपणे नाहीशी होते. कॅराव्हॅनच्या नेमक्या पाठीमागे चिकटून चालणारी मोटार तरीही दिसत नाही. ती कोणत्याही साइड मिररमध्ये दिसणार नाही, तिच्यासाठी मागचा कॅमेरा हवा. पण कॅमेरा आहे म्हणून लांब आरसे नकोत, हा युक्तिवादही मला मान्य नाही, कारण पाठीमागे पाहणारा कॅमेरा भिंतीलगत पुढे आलेली स्कूटर दाखवत नाही.

चिकटवलेल्या गोल आरशाचे खरे नुकसान याहून पुढचे आहे. तो आंधळी पट्टी कमी करत नाहीच, शिवाय ती लपवतो. सपाट काचेत कॅराव्हॅनची भिंत काचेचा मोठा भाग व्यापते आणि आपल्याला पुरेसे दिसत नाही हे चालकाला सतत खुपत राहते. बहिर्गोल काचेत तीच भिंत आक्रसून बारीक होते, तिच्या बाजूला रस्ता, दुभाजक, माड, आकाश सारे काही दिसते, आणि सगळे दिसते आहे असा भास होतो. मूळ आरसा बाहेरच्या बाजूला जास्त वळवून ठेवणाऱ्यांचेही हेच होते : शेजारची लेन दिसते, म्हणून भिंतीलगतचेही दिसत असेल असे गृहीत धरले जाते.

जागेचा प्रश्न सुटल्यावर मगच काचेचा प्रश्न विचारण्यात अर्थ आहे. लांब दांड्याचे आरसे सपाट आणि बहिर्गोल अशा दोन्ही प्रकारच्या काचांत मिळतात. ब्रिटनमधील मापदंड येथे उपयोगी पडतो : चालकाच्या डोळ्यांपासून २० मीटर मागे, कॅराव्हॅनच्या बाजूपासून ४ मीटर रुंदीचा पट्टा दिसला पाहिजे. १८ सेंटीमीटर रुंद सपाट काच उजव्या बाजूला, चालकाच्या डोळ्यांपासून सुमारे ८० सेंटीमीटरवर असेल, तर २० मीटर मागे साधारण साडेचार मीटरांचा पट्टा दिसतो. म्हणजे काम भागते. तीच काच डाव्या बाजूला डोळ्यांपासून सुमारे १.६ मीटर दूर गेली की पट्टा दोन-सव्वादोन मीटरांवर येतो, जो ३.५ मीटरांच्या एका लेनलाही पुरत नाही. डोके हलवून थोडे अधिक दिसते खरे, पण चोर्ला घाटाच्या वळणावर डोके हलवत बसायला कोणाला सवड आहे?

म्हणून डावीकडे बहिर्गोल काच हवी, आणि उजवीकडे सपाट. दोन्हीकडे बहिर्गोल बसवणारे पुष्कळ आहेत. मला ते पटत नाही. १,२०० मिलिमीटर वक्रता त्रिज्येची (म्हणजे तेवढ्या त्रिज्येच्या गोलाचा तुकडा असावा इतकी फुगीर) बहिर्गोल काच उजव्या बाजूला बसवली, तर २० मीटर मागची मोटार सपाट आरशात ४५-५० मीटरांवर दिसावी एवढी लहान दिसते. डावीकडे, डोळ्यांपासूनचे अंतर वाढल्यामुळे, तीच मोटार ७५ मीटरांवर असावी एवढी लहान होते. झुआरी पुलाच्या चढावर जड ट्रेलर घेऊन उजव्या लेनमध्ये जाताना मागून येणारी टॅक्सी किती दूर आहे आणि किती वेगाने जवळ येत आहे, हे ठरवावे लागते, आणि तो अंदाज आकसलेल्या प्रतिमेवरून चुकतो. डावीकडून येतात त्या बहुतांशी स्कूटर; तेथे अंतर किती यापेक्षा कोणी आहे की नाही हे कळणे महत्त्वाचे असते, आणि त्या कामाला बहिर्गोल काचच योग्य. उजव्या सपाट काचेच्या खालच्या कोपऱ्यात तो दोन इंची गोल आरसा चिकटवायचा असेल तर खुशाल चिकटवावा. तेथे तो दुय्यम कामाला आहे.

अमेरिकेतील चालकांसाठी बनवलेली जोडी मागवणाऱ्यांनी मात्र सावध राहावे. तेथे चालक डावीकडे बसतो, त्यामुळे सपाट काच डाव्या आरशात आणि बहिर्गोल उजव्या आरशात असते; आपल्याकडे ती जोडी बसवली की दोन्ही बाजू उलट्या पडतात. ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियातील माल याबाबतीत सोयीचा, कारण तेथेही चालक उजवीकडेच बसतो.

काच सपाट आहे की फुगीर, हे डब्यावरच्या मजकुरावरून ठरवू नये. स्टीलची सरळ पट्टी काचेवर आडवी टेकवावी. सपाट काचेवर ती सर्वत्र टेकते. १,२०० मिलिमीटर त्रिज्येच्या १८ सेंटीमीटर रुंद काचेवर ती मध्ये टेकते आणि दोन्ही टोकांना साधारण साडेतीन मिलिमीटर फट राहते. फट यापेक्षा बरीच जास्त असेल तर ती काच लांब दांड्यावर बसवण्याच्या लायकीची नाही, मग विक्रेता काहीही सांगो. आपल्याकडच्या अनेक गाड्यांच्या दोन्ही मूळ आरशांत बहिर्गोल काच असते, हेही लक्षात असू द्यावे. क्लॅम्पने बसवलेल्या सपाट आरशाशेजारी मूळ आरशाचा तुकडा दिसत राहिला, तर तीच मोटार दोन आकारांत दिसते. अशा वेळी अंतराच्या बाबतीत सपाट काचेवरच भरवसा ठेवावा.

बाकीचे फरक किरकोळ आहेत आणि त्यांवर फार वेळ घालवण्याची गरज नाही. पट्ट्याने बांधायचे आरसे स्वस्त असतात, पण वाऱ्याने थरथरतात आणि थरथरणाऱ्या प्रतिमेत दुचाकीचा दिवा ओळखू येत नाही. मी ते कोणालाही सुचवत नाही. स्क्रूच्या क्लॅम्पने मूळ आरशाच्या कवचाला घट्ट धरणारा आरसा बहुतेकांना पुरेसा होतो. मूळ आरसा काढून त्याजागी बसवायचा, आतबाहेर सरकणारा आरसा सर्वांत स्थिर असतो, परंतु तो त्या त्या गाडीसाठीच बनवलेला असावा लागतो. आपल्या किनाऱ्यावरच्या खाऱ्या, दमट हवेत साध्या लोखंडी स्क्रूला एका पावसाळ्यात गंज धरतो, तेव्हा स्क्रू स्टेनलेस स्टीलचेच घ्यावेत. आणि दांडा गरजेपेक्षा लांब घेण्याचा हव्यास धरू नये : जितका लांब, तितका अधिक हलतो. ब्रिटनमध्ये आरसा कॅराव्हॅनच्या बाजूपेक्षा २५० मिलिमीटरहून जास्त बाहेर येता कामा नये असा दंडक आहे. चिऱ्यांच्या गडग्यांमधून जाणाऱ्या आपल्या वाड्यांवरच्या रस्त्यांचा विचार करता मला तेही जास्तच वाटते. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील नियम ९३ वाहनाची रुंदी २.६ मीटरपर्यंत मर्यादित करतो, आणि ती मोजताना आरसे धरत नाही. म्हणून अडचण कायद्याची कमी आणि समोरून येणाऱ्या कदंब बसची जास्त असते.

बसवून झाल्यावरची तपासणी गाडी आणि कॅराव्हॅन जोडून, दोन्ही एका सरळ रेषेत उभी करूनच करावी. एकट्या गाडीवर केलेली तपासणी निरर्थक आहे. चालकाने नेहमीच्या बैठकीत बसावे. दुसऱ्या व्यक्तीने चालकापासून २० मीटर मागे आणि कॅराव्हॅनच्या भिंतीच्या रेषेपासून ४ मीटर बाहेर उभे राहून हळूहळू आत चालत यावे, अगदी भिंतीच्या रेषेवर येईपर्यंत. ती व्यक्ती एकदाही आरशातून नाहीशी होता कामा नये. आतल्या कडेला कॅराव्हॅनच्या भिंतीची बोटभर पट्टी दिसावी. ती अजिबात दिसत नसेल तर आरसा फार बाहेर वळला आहे, आणि तिने अर्धी काच व्यापली असेल तर तो फार आत वळला आहे. व्यक्ती भिंतीजवळ येताना नाहीशी झाली, तर दांडा अपुरा आहे, काच कोणतीही असो. ४ मीटरवर उभी असतानाच दिसली नाही, तर आधी आरशाचा कोन तपासावा आणि तोही बरोबर असेल तर काच बदलावी. दोन्ही बाजूंना हे स्वतंत्रपणे करावे लागते, कारण एका बाजूचा निकाल दुसरीला लागू पडत नाही. रायबंदरहून चोडणला जाणाऱ्या फेरीबोटीवर किंवा अरुंद फाटकात आरसे मिटावे लागले, तर बाहेर आल्यावर त्यांचा कोन पुन्हा पाहावा. आणि कॅराव्हॅनऐवजी बोटीचा अरुंद ट्रेलर जोडला असेल, तर ही सगळी मोजमापे नव्याने घ्यावीत, कारण तेव्हा कदाचित मूळ आरसेच पुरतील.