माइसान: घोड्याचे कान आणि त्याआधीची नावं

दक्षिण कोरियाच्या नैर्ऋत्येकडे, उत्तर जॉला प्रांतातल्या जिनान भागात शेताडीमागून दोन उघडे सुळके वर आलेले दिसतात. आम-माइबोंग म्हणजे मादी शिखर ६८७ मीटर, आणि सुत-माइबोंग, नर, त्याहून जेमतेम सहा मीटर बुटका. माइसान याचा अर्थ 'घोड्याच्या कानांचा डोंगर'. लांबून पाहिलं की दुसरं नाव सुचतच नाही.

पण हे नाव तसं उशिराचं. सिल्ला या जुन्या कोरियन राजवटीच्या काळात याला सॉदासान म्हणत, त्यानंतरच्या गोर्यो राजवटीत योंगचुलसान. १३८० मध्ये ह्वांगसानला जपानी चाच्यांचा पाडाव करून परतताना सेनापती यी सॉंग-गे इथून गेला. आकाशातून उतरलेल्या देवपुरुषाने स्वप्नात आपल्याला सोन्याची मोजपट्टी दिली होती आणि हा डोंगर हुबेहूब तशाच पट्ट्यांच्या जुडग्यासारखा आहे, असं त्याला वाटल्याची कथा आहे. म्हणून सोकगुमसान, 'बांधलेल्या सोन्याचा डोंगर'. १३९२ मध्ये त्याने जोसॉन राजवट स्थापन केली. 'माइ' हे नाव त्याचा मुलगा राजा थेजोंग याने दिलं असं मानतात. सुळक्याखालच्या उनसुसा मंदिरातलं जुनं नासपतीचं झाड यी सॉंग-गेनेच लावलं, असं गावकरी आजही सांगतात.

त्या सगळ्याच्या कितीतरी आधी, डायनोसॉरच्या युगातल्या क्रिटेशस काळात, इथे तळं होतं. नद्यांनी वाहून आणलेले गोटे, वाळू आणि चिखल तळाशी साचून घट्ट झाले आणि पुढे जमिनीबरोबर वर उचलले गेले. जवळून पाहिलं तर कातळात मुठीएवढे, डोक्याएवढे गुळगुळीत गोटे रुतलेले दिसतात, जणू कुणी ओबडधोबड काँक्रीट ओतलंय. दक्षिणेकडच्या कड्याला तर मोठमोठी भगदाडं आहेत. खडक आतून झिजून गोटे निखळले, त्यांची ही भोकं.

त्याच कड्याच्या पायथ्याशी थापसा, म्हणजे मनोऱ्यांचं मंदिर. १८८५ च्या सुमारास यी काप-योंग नावाचा पंचविशीतला तरुण इथे साधनेला आला आणि दगडावर दगड रचत राहिला. चुना नाही, माती नाही. पुढची कित्येक वर्षं त्याने हेच केलं. त्याच्या मनोऱ्यांपैकी सुमारे ८० आज उभे आहेत, सर्वांत उंच तेरा मीटरच्या आसपास. वादळं आली, पण ते ढळले नाहीत. मला या डोंगरात सगळ्यात थक्क करणारी गोष्ट हीच वाटते. यी काप-योंग १९५७ मध्ये वारला. हिवाळ्यात इथे पाण्याने भरून ठेवलेल्या वाडग्यांतून बर्फाच्या काड्या उलट्या, आकाशाकडे वाढतात.

२००३ मध्ये कोरियन सरकारने माइसानला राष्ट्रीय निसर्गरम्य स्थळांच्या यादीत घेतलं.