बोर्डाचा टक्का वेगळा, राउंडिंगचा टक्का वेगळा

महिन्यातून एक-दोनदा तरी कुणीतरी माजी सैनिक अपंगत्वाच्या पेन्शनचा प्रश्न घेऊन आमच्या ओसरीवर येतो, प्लास्टिकच्या पिशवीत पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) आणि मेडिकल बोर्डाचे, म्हणजे लष्करी डॉक्टरांच्या मंडळाचे कागद असतात. कधी येळ्ळूरचे काका असतात, कधी खानापूरकडचे, कधी थेट निपाणीहून आलेले. प्रश्न मात्र ठरलेला. "बोर्डानं तीस लिवलंय, पीपीओवर पन्नास आलंय. मग पेन्शन निम्म्यानं वाढाय नको होती?" माझे वडील मराठा लाइट इन्फन्ट्रीतून हवालदार म्हणून घरी आले. त्यांच्या कागदांपायी मला हा सगळा हिशेब शिकावा लागला. तीच चूक इतक्या घरांत पाहिली की आता एकदाच नीट लिहून टाकते.

पहिला आकडा तुम्हाला पाठ आहे. लष्करातून सुटताना रिलीज मेडिकल बोर्ड बसतं, एएफएमएसएफ-१६ हा फॉर्म भरला जातो आणि गुडघा, कान, पाठ, रक्तदाब जे काही असेल त्यापुढे टक्का लिहिला जातो. दोन-तीन त्रास असतील तर शेवटी एकत्रित टक्का येतो. तो बेरजेने काढत नाहीत. ३० आणि २० मिळून ५० झालेच पाहिजेत म्हणून भांडायला जाऊ नका, एकत्रित आकडा बहुधा बेरजेपेक्षा कमीच असतो. लो मेडिकल कॅटेगरी, म्हणजे नोकरीत असताना तब्येतीमुळे मिळालेली खालची वैद्यकीय श्रेणी, म्हणजेही टक्का नव्हे.

दुसरा आकडा राउंडिंगचा, कागदावर त्याला ब्रॉड बँडिंग म्हणतात. ५० पेक्षा कमी असेल तर ५० धरायचे, ५० ते ७५ असेल तर ७५, ७६ ते १०० असेल तर १००. ३१ जानेवारी २००१ च्या सरकारी पत्राने हे आलं आणि १ जानेवारी १९९६ पासून लागू झालं, पण तेव्हा फक्त बोर्ड-आउट झालेल्यांना, म्हणजे तब्येतीमुळे नोकरी मध्येच तोडून घरी पाठवलेल्यांना. पूर्ण नोकरी करून निवृत्त झालेल्यांना ते मिळालं राम अवतार प्रकरणामुळे. सर्वोच्च न्यायालयाचा तो निकाल १० डिसेंबर २०१४ चा.

आता हा ५० टक्का कशाचा? पगाराचा नाही आणि सर्व्हिस पेन्शनचाही, म्हणजे नोकरीच्या नेहमीच्या पेन्शनचाही नाही. पूर्ण १०० टक्के अपंगत्व असेल तर शेवटच्या पगाराच्या ३० टक्के इतका डिसॅबिलिटी एलिमेंट, म्हणजे पेन्शनमधला अपंगत्वाचा भाग मिळतो. तुमचा ५० हा त्या ३० टक्क्यांतला अर्धा. समजा मूळ पगार आणि एमएसपी (मिलिटरी सर्व्हिस पे) मिळून शेवटी ४०,००० रुपये होते. त्याचे ३० टक्के म्हणजे १२,०००. बोर्डाने ३० लिहिलेत, तर राउंडिंग नसतं तेव्हा ३,६०० मिळाले असते. राउंडिंगमुळे ६,००० मिळतात, म्हणजे पगाराच्या १५ टक्के. महागाई सवलत त्यावर वेगळी आणि सर्व्हिस पेन्शन तिच्या जागी शाबूत. लढाईत जखमी झालेल्यांच्या वॉर इंज्युरीचा दर याहून मोठा आहे, तो हिशेब यात मिसळू नका.

याच हिशेबातून आणखी एक गोष्ट निघते आणि ती ऐकायला लोक तयारच नसतात. २० वाला, ३० वाला आणि ४० वाला, तिघेही ५० मध्येच बसतात. पगार सारखा असेल तर पैसे सारखेच. तरी "त्याला चाळीस दिले, मला तीसच" म्हणून सख्ख्या मावसभावांत अबोला धरलेला मी पाहिलाय. तीसचे चाळीस करून देतो म्हणून पैसे उकळणारे एजंट तर मला मुळीच सहन होत नाहीत, कारण त्या चाळीसने एक रुपयाही वाढत नाही.

खरी फसगत मात्र पुढेच आहे. व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या तक्त्यात पहिलीच ओळ असते, "५० पेक्षा कमी म्हणजे ५०". फायरिंग रेंजवर कान गेलेला, पूर्ण नोकरी करून सुटलेला एखादा नाईक ती ओळ वाचतो. त्याचा टक्का असतो १५. पंधरा हे पन्नासपेक्षा कमीच, मग माझेही पन्नास झाले की! तो अर्ज करतो, अर्ज परत येतो आणि माणूस मनातून खचतो. त्या तक्त्यात खोटं काही नाही, फक्त अर्धंच लिहिलेलं आहे. राउंडिंग ही शेवटची पायरी आहे आणि तिच्याआधी दोन उंबरे आहेत.

पहिला उंबरा म्हणजे हा त्रास सेवेमुळे झाला किंवा सेवेमुळे वाढला, असं मान्य झालं पाहिजे. दोन्हींपुढे 'नाही' असेल तर टक्का ६० असला तरी डिसॅबिलिटी एलिमेंट शून्य. अशा वेळी टक्का वाढवून मागू नका, त्या 'नाही'लाच आव्हान द्या. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर तो सेवेमुळे झाला असं गृहीत धरलं जातं आणि ते खोडून काढायची जबाबदारी लष्करावर येते, हे धरमवीर सिंग प्रकरणात २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे. दुसरा उंबरा २० टक्क्यांचा. आणि हे २० बोर्डाच्या आकड्यावर मोजतात, राउंडिंगच्या नव्हे. पंधराचे आधी पन्नास करून मग वीसच्या उंबऱ्यावरून आत जाता येत नाही. आधी वीस, मग पन्नास. याला अपवाद बोर्ड-आउट झालेल्यांचा. नोकरी मध्येच तोडून ज्यांना घरी पाठवलं, त्यांचं अपंगत्व किमान २० तरी धरलं पाहिजे, असा सुखविंदर सिंग प्रकरणातला २०१४ चा निकाल आहे. म्हणून कुणी १५ टक्के सांगितले की मी आधी विचारते, "काका, नोकरी पुरी करून आलासा की बोर्डानं काढलं?"

हे सगळं २१ सप्टेंबर २०२३ च्या आधी सुटलेल्यांचं. त्या दिवसापासून हक्काचे नवे नियम आले, नावंही बदलली. नंतर सुटलेल्यांनी जुने तक्ते लावू नयेत.

"चंदगडच्या पाव्हण्याला जास्त मिळतंय, आमी कर्नाटकात म्हणून कमी," हे तर मी आता ऐकूनही घेत नाही. सैनिकी पेन्शन केंद्राची आहे. महाराष्ट्र-कर्नाटक सीमेच्या कुठल्या बाजूला घर आहे याचा या आकड्यांशी काडीचा संबंध नाही. राज्य बदललं की बदलतात त्या राज्य सरकारच्या सवलती.

हाच ५० घेऊन काही जण सिव्हिल हॉस्पिटलात जातात आणि अपंगत्वाचं कार्ड मागतात. त्या कार्डाचा, म्हणजे यूडीआयडी या दिव्यांग ओळखपत्राचा टक्का २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याखाली तिथले डॉक्टर स्वतः तपासून ठरवतात. बहुतेक सवलतींना किमान ४० लागतात, त्याखाली पांढरं कार्ड मिळतं, ४० पासून पिवळं, ८० पासून निळं. पीपीओवरचा ५० तिथे चालत नाही, कारण तो शरीराचा टक्का नाहीच, पैशाचा आहे. तिथे जाताना पीपीओ घरी ठेवा, एएफएमएसएफ-१६ ची प्रत आणि जुने एक्स-रे घेऊन जा. डॉक्टरांना तेवढंच उपयोगी पडतं.