लहान भोक, मोठं विमान: स्फोटाच्या संगणकीय गणितामागची पार्श्वभूमी

21 डिसेंबर 1988 रोजी स्कॉटलंडमधल्या लॉकर्बी गावावर पॅन ॲम या अमेरिकन विमान कंपनीचं बोइंग 747 कोसळलं. विमानातली आणि जमिनीवरची मिळून 270 माणसं गेली. बॉम्ब सामानाच्या कंटेनरमध्ये, एका रेडिओ-कॅसेट प्लेअरमध्ये लपवलेला होता. ब्रिटिश तपास यंत्रणेने अवशेष जुळवले, तेव्हा स्फोटाने थेट फोडलेलं भोक जेमतेम अर्ध्या मीटरचं निघालं. मग सत्तर मीटर लांबीचं विमान हवेतच का फुटलं?

उत्तर बॉम्बच्या आकारात नव्हतं. 31,000 फुटांवर केबिनमधला दाब बाहेरच्यापेक्षा कितीतरी जास्त असतो. त्यामुळे विमानाचा बाहेरचा पत्रा आधीच ताणलेला असतो आणि भोकाच्या कडेपासून चिरा धावत सुटतात. शिवाय कंटेनर, फरशी आणि पत्रा यांच्यामधल्या पोकळ्यांतून दाबलहर आपटत, परतत दूरवर पोहोचते. 1990 च्या तपास अहवालाने हे मांडलं आणि विमानं स्फोट कशी सोसतील यावर संशोधन व्हावं, असंही सुचवलं.

अशा स्फोटाच्या गणिताचा पाया जुनाच होता. स्फोटक आठपट केलं तर तोच कमाल दाब दुप्पट अंतरावर मिळतो, हा नियम ब्रिटिश अभियंता हॉपकिन्सनने 1915 मध्ये मांडला. पण तो मोकळ्या हवेतला. बंद पोकळीत तो अपुरा पडतो. 1976 मध्ये अमेरिकेच्या लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत जॉन हॉलक्विस्टने डायना-थ्रीडी हा प्रोग्रॅम लिहिला. तो मुळात शस्त्रांच्या आघाताचा हिशेब करण्यासाठी होता. पुढे त्याच घराण्यातली सॉफ्टवेअर विमानांकडे वळली.

सोप्या पद्धतीत दाबाचे आकडे आधीच काढून पत्र्यावर लादले जात. पण पत्रा वाकला, फाटला की हवेची वाट बदलते, म्हणून हवा आणि धातू यांची गणितं एकत्रच सोडवावी लागतात. त्यासाठी संगणकात दोन्ही छोट्या छोट्या चौकटींत, म्हणजे जाळीत, विभागतात: धातूची जाळी धातूबरोबर हलते, हवेची जाळी जागच्या जागी राहून हवा तिच्यातून वाहते. खरी कसोटी रिव्हेटच्या, म्हणजे पत्रे जोडणाऱ्या खिळ्यांच्या, ओळींची. पत्रा एक-दोन मिलिमीटरचा, त्यामुळे चीर नेमकी कुठे वळेल हे पकडायला जाळी फार बारीक करावी लागते. म्हणूनच प्रत्यक्ष चाचण्यांना पर्याय नाही. 1997 मध्ये इंग्लंडमधल्या ब्रंटिंगथॉर्प इथे सेवेतून निवृत्त झालेलं एक 747 मुद्दाम स्फोट करून तपासलं गेलं.

2016 मध्ये मोगादिशूहून निघालेल्या डालो एअरलाइन्सच्या विमानात बॉम्ब फुटला, बाजूला मोठं भोक पडलं, तरी विमान सुखरूप उतरलं. ते अजून चढतच होतं, दाबातला फरक कमी होता. केबिनचा दाब हिशेबात न धरणारं संगणकीय प्रारूप या विमानाचा आणि लॉकर्बीच्या विमानाचा शेवट वेगळा का झाला, हे सांगूच शकणार नाही.