बीस्टचा राग कुठून आला?

डिझ्नीच्या 'ब्यूटी अँड द बीस्ट'मध्ये रागीट पुरुषाला प्रेमाने सुधारायचं काम मुलीच्या गळ्यात टाकलंय, असा वाद निघाला की कोणीतरी म्हणतंच, अहो जुनी परीकथाच तशी आहे, त्यात स्टुडिओ काय करणार. तसं नाहीये. मूळ फ्रेंच गोष्ट १७४० ची, लांबलचक, १७५६ मध्ये दुसऱ्या एका लेखिकेने ती छोटी केली आणि जगभर तीच चालली. त्यात गुलाब तोडला म्हणून बीस्ट, म्हणजे शापाने प्राणी झालेला राजपुत्र, मुलीच्या बापाला मारायला उठतो हे खरं, पण ती मुलगी वाड्यात आल्यावर तिच्याशी अदबीने वागतो, रोज रात्री जेवताना लग्नाचं विचारतो, ती नाही म्हणते, हा मुकाट निघून जातो. दिसायला भयंकर, डोक्याने जरा मंद, पण स्वभावाने चांगला. शिकायचं तिने, की रूपावर जाऊ नये.

नंतर डिझ्नीच्याच 'स्नो व्हाइट' (१९३७), 'सिंड्रेला' (१९५०) वगैरेंतल्या राजपुत्रांना दोष असायला आधी स्वभाव तरी हवा ना, ते येतात, नाचतात, लग्न करून मोकळे.

खरा बदल १९९१ चा. डिझ्नीच्या 'ब्यूटी अँड द बीस्ट' सिनेमाने राजपुत्राला गर्विष्ठ केलं, शाप त्यामुळेच, आणि बीस्ट झाल्यावर तो ओरडतो, सामान फोडतो, जेवायला आली नाही तर उपाशी राहा म्हणतो. म्हणजे खोट चेहऱ्यावरून स्वभावात गेली आणि तिच्या वाट्याला त्याला माणसात आणायचं काम आलं. कारण समजू शकतं, रोज तोच प्रश्न विचारणारा सभ्य प्राणी पडद्यावर दीड तास कोण बघणार. आणि बेल, म्हणजे सिनेमातली ती मुलगी, काही गरीब गाय नाही, ती उलट बोलते, पळून जाते, लांडग्यांपासून वाचवल्यावरही जखम पुसता पुसता त्याला राग आवरायला सांगते, पुढे तो शाप सुटणार नाही हे माहीत असून तिला जाऊ देतो. हे सगळं मान्य. पण मला जास्त खटकतो तो गॅस्टन. १७५६ च्या गोष्टीत तो नाहीच. जबरदस्तीने लग्न लावू बघणारा हा बढाईखोर शेजारी ठेवला की दगडापेक्षा वीट मऊ, बीस्ट आपोआप बरा वाटायला लागतो.

सिनेमा तुफान चालला, ऑस्करच्या बेस्ट पिक्चरसाठी नामांकन मिळालेली ही पहिली ॲनिमेशन फिल्म. मग १९९२ चा अलादिन, राजपुत्र असल्याची थाप मारणारा, २०१० च्या 'टँगल्ड'मधला मुकुटचोर, दोघेही गोड आणि दोघेही शेवटी सुधारलेले. २०१३ च्या 'फ्रोझन'मध्ये आधी भेटल्या दिवशीच लग्न ठरवण्याची चेष्टा आहे, तो देखणा राजपुत्रच व्हिलन निघतो, आणि त्याच सिनेमात ट्रोल्स, म्हणजे जादूचे बुटके जीव, गाण्यातून सांगतात की माणूस फारसा बदलत नाही, तरी प्रेम दिलं की त्याच्यातलं चांगलं बाहेर येतं. घ्या, दोन्ही बाजूंनी बोलून झालं.

'ब्यूटी अँड द बीस्ट'च्या २०१७ च्या रिमेकला ही टीका माहीत असावी, कारण तिथे बीस्टचं बालपण जोडलंय, आई लवकर गेली, क्रूर बापाने पोराला आपल्यासारखं केलं. आणि हे बेलला सांगतं कोण, तर त्याचेच नोकर, जे तेव्हा गप्प बसले म्हणून स्वतःलाही दोषी मानतात. म्हणजे रागाला आता कारण मिळालं, काम मात्र तिच्याचकडे राहिलं.