सिकलसेल : नाशिक जिल्ह्यातील आदिवासी पट्टा

तांबड्या रक्तपेशींचा आनुवंशिक आजार. नाशिक जिल्ह्यात सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर, कळवण, दिंडोरी या तालुक्यांतील कोकणा, भिल्ल, वारली, महादेव कोळी आदी समाजांच्या संदर्भात त्याचा प्रामुख्याने विचार होतो.

निरोगी तांबडी पेशी चपटी, दोन्ही बाजूंनी खोलगट व लवचिक असते. तिचा व्यास सु. ७-८ मायक्रोमीटर व आयुष्य सु. १२० दिवस. सिकलसेलमध्ये हिमोग्लोबिनच्या (पेशीतील ऑक्सिजन वाहून नेणारे प्रथिन) बीटा शृंखलेत सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्ल या अमिनो आम्लाऐवजी व्हॅलिन हे दुसरे अमिनो आम्ल येते. ऑक्सिजन सोडून दिल्यावर असे रेणू एकमेकांना चिकटून लांब तंतू तयार होतात आणि पेशी विळ्यासारखी वाकते. ती सु. १०-२० दिवसांतच फुटते. त्यातून रक्तक्षय व कावीळ उद्भवते. केशवाहिन्यांत पेशी अडकल्या की हाडे, सांधे, छाती व पोटात असह्य वेदना होतात.

शिकागो येथे डॉक्टर हेरिक यांनी १९१० मध्ये अशा पेशींचे वर्णन प्रसिद्ध केले. रसायनशास्त्रज्ञ पॉलिंग व सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये दोष हिमोग्लोबिनच्या रेणूत असल्याचे दाखविले. भारतातील पहिल्या नोंदी १९५२ च्या असून त्या निलगिरीतील आदिवासी आणि आसामच्या चहामळ्यांतील मजूर यांच्याबद्दल आहेत.

या दोषाच्या उगमाबद्दल मतभेद आहेत. दोषयुक्त जनुकाच्या आजूबाजूच्या खुणांवरून त्याचे सेनेगल, बेनिन, बांटू, कॅमेरून व अरब-भारतीय असे पाच प्रमुख प्रकार मानले जातात. यावरून हे उत्परिवर्तन (जनुकातील बदल) वेगवेगळ्या ठिकाणी स्वतंत्रपणे झाले, असे मत १९८० च्या दशकात पुढे आले. कुलोझिक व सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये आशियाई उगम स्वतंत्र असल्याचे प्रतिपादन केले. याउलट २०१८ मध्ये श्रायनर व रोटिमी यांनी संपूर्ण जनुकसंचाच्या विश्लेषणावरून सु. ७,३०० वर्षांपूर्वीचा एकच आफ्रिकी उगम सुचविला. असे कालनिर्णय गृहीतकांनुसार बदलतात; ते अंदाज म्हणूनच घ्यावेत. भारतात परस्परांपासून दूर राहणाऱ्या, भिन्न भाषा बोलणाऱ्या आदिवासी गटांतही बहुतांशी अरब-भारतीय हाच प्रकार सापडतो. त्यामुळे भारतापुरता तरी उगम एकच असावा, हे मत अधिक ग्राह्य वाटते. तो आशियातला की आफ्रिकेतून आलेला, हा प्रश्न मात्र खुला आहे. दोष टिकून राहण्याच्या कारणाबद्दल फारसा वाद नाही. वाहकाला, म्हणजे आईवडिलांपैकी एकाकडूनच दोषयुक्त जनुक मिळालेल्या व्यक्तीला, तीव्र हिवतापापासून बरेच संरक्षण मिळते.

अरब-भारतीय प्रकारात गर्भावस्थेतील हिमोग्लोबिनचे प्रमाण अधिक राहते, म्हणून आजार तुलनेने सौम्य समजला जातो. या समजुतीवर विसंबू नये. भारतातील रुग्णांनाही वारंवार दवाखान्यात दाखल व्हावे लागते.

प्राथमिक चाचणीसाठी बोटातून काढलेले थोडे रक्त द्रावणात टाकतात. द्रावण गढूळ होऊन नळीमागच्या रेघा दिसेनाशा झाल्या, तर चाचणी होकारार्थी. रुग्ण व वाहक दोघांचेही द्रावण गढूळ होते. त्यामुळे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखविणाऱ्या इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी तपासणीशिवाय निदान पक्के होत नाही. चाचणी होकारार्थी आल्यावर पुढची तपासणी राहून जाणे घातक आहे.

थंडी, ताप, अतिश्रम व शरीरातील पाणी कमी होणे यांनी वेदनेचा झटका येतो. पेठ-सुरगाण्यातील अनेक कुटुंबे द्राक्षबागांच्या कामासाठी दिंडोरी-निफाडकडे उतरतात. निफाडची कडाक्याची थंडी आणि दिवसभराचे कष्ट रुग्णाला सोसवत नाहीत. उबदार पांघरूण, भरपूर पाणी आणि गोळ्या बरोबर नेणे आवश्यक. फॉलिक आम्ल, हायड्रॉक्सियुरिया हे औषध, लसीकरण व गरजेनुसार रक्त देणे हे मुख्य उपचार होत.

आईवडील दोघेही वाहक असल्यास प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण होण्याची शक्यता २५ टक्के, वाहक होण्याची ५० टक्के असते. वाहकाला सहसा त्रास नसतो. त्याचे लग्न मोडण्याचे कारण नाही. दोघांची तपासणी लग्नाआधी व्हावी, एवढीच अपेक्षा आहे. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ रोजी सुरू झाले. त्यात तपासणीबरोबर अशा समुपदेशनाचाही समावेश आहे.