लूत लागलेल्या कुत्र्याला जळकं ऑइल फासू नका

ट्रॅक्टरचं जळकं ऑइल फासलं की कुत्र्याची लूत जाते, असं विदर्भातल्या गावांत आजही सांगतात. हे चूक आहे, आणि जीवघेणंही.

लूत होते ती कातडीत शिरणाऱ्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या माइट नावाच्या जिवांमुळे. तेलाच्या थराखाली त्यातले काही गुदमरतात, खाज कमी झाल्यासारखी वाटते, म्हणून लोकांचा विश्वास बसतो. पण कुत्रं अंग चाटणारच! ऑइलमधले जड धातू आणि विषारी रसायनं पोटात जातात, यकृत-मूत्रपिंडांना इजा होऊ शकते. आधीच सोललेली कातडी आणखी पोळते. त्यावर उन्हाळ्यातलं आपलं 45 अंशांचं ऊन.

ऑइल लावून झालं असेल, तर ते रॉकेल किंवा पेट्रोलने काढू नका. चाटू न देता, हातमोजे घालून कोमट पाण्याने आणि भांड्यांच्या सौम्य साबणाने धुवा, चिकटलेले केस कापा. मग लगेच पशुवैद्यकीय दवाखाना गाठा. डॉक्टर कातडी खरवडून तपासतात, वजनाप्रमाणे औषध देतात. गुरांचं आयव्हरमेक्टिन (किडे-जंत मारणारं औषध) मात्र अंदाजाने टोचू नका. त्यानेही कुत्री दगावतात.

ही खाज माणसांनाही लागू शकते. केस कापणाऱ्यांनी अशा कुत्र्यावर वापरलेली कात्री, मशीन निर्जंतुक केल्याशिवाय दुसऱ्या कुत्र्याला लावू नये.